हरणं मारली की उरलेली सैरावैरा पळतात? हा मेसेज पुढे पाठवू नका

जानेवारी लागला की शिकागोच्या आसपासच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'सरकारी नेमबाज जंगलात हरणं मारताहेत. कळपातली काही मारली की उरलेली भेदरून मैलोन् मैल पळतात आणि रोग नव्या भागात नेतात, हे ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय. ती गाड्यांवर आदळतात. रिकाम्या जागेत महिनाभरात बाहेरची हरणं येतात, माद्या दुप्पट पिल्लं देतात. मारलेलं मांस फेकून दिलं जातं. हे थांबेपर्यंत घाबरलेल्या हरणांसाठी घरामागे मका, पोळ्या, फळं ठेवा.' शेवटी हात जोडलेले.

यंदा तो माझ्या सासूबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी डेकच्या पायऱ्यांपाशी मक्याचे दाणे नि उरलेल्या पोळ्या टाकायला सुरुवात केली. मी अडवलं तर म्हणाल्या, "अगं, मुकी जनावरं ती. दोन घास टाकले तर काय बिघडलं?" त्यांची कणव खरी आहे. त्या कणवेचा असा वापर करणाऱ्याचा मला संताप येतो, म्हणून मेसेजच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते.

आमच्या इलिनॉय राज्यात रानटी हरणांना खायला घालणं २००२पासून बेकायदा आहे. त्याच वर्षी आधी विस्कॉन्सिनमध्ये आणि मग उत्तर इलिनॉयमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी सापडला. हा जिवाणूचा किंवा विषाणूचा रोग नाही. प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन मेंदू पोखरत जातं. लस नाही, औषध नाही, लागण झालेलं हरीण वाचत नाही. वरून धडधाकट दिसणारं हरीण कित्येक महिने लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून प्रायॉन टाकत असतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. मेसेजमधले सरकारी नेमबाज हरणं मारतात ती हाच रोग रोखायला.

आता आमच्या पायऱ्यांपाशी काय दिसत होतं ते सांगते. बर्फात तीन बाजूंनी आलेल्या खुरांच्या वाटा एकाच जागी मिळालेल्या. मधला बर्फ तुडवून काळा झालेला, त्यात लेंड्या, आणि त्यातच अर्धवट चावलेली, लाळेनं गोठून कडक झालेली पोळी. एरवी हिवाळ्यात हरणांचे छोटे छोटे गट आपापल्या ठरलेल्या पट्ट्यात असतात. अन्नाचा ढीग दिसला की वेगवेगळे गट तोंडाला तोंड लावून एकाच जागी खातात. हरणं हलतील म्हणून गळा काढणारा मेसेज हरणांना हमखास हलवणारी एकच गोष्ट करायला सांगतोय! रोग पसरवायची याहून सोपी सोय कुणी शोधूनही सापडणार नाही.

आता 'ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय'. झालंय, पण बिज्जूंबाबत, म्हणजे इंग्रजीत ज्याला बॅजर म्हणतात त्या प्राण्याबाबत. गुरांचा क्षयरोग रोखायला तिथे १९९८ ते २००५ या काळात बिज्जू मारण्याचा मोठा सरकारी प्रयोग झाला. मारलेल्या भागातले उरलेले बिज्जू जास्त फिरू लागले आणि त्या भागाच्या सीमेबाहेर गुरांमधला क्षय वाढला. एवढं खरं आहे. पण बिज्जू बिळांत टोळी करून राहतो आणि आपली हद्द राखतो. टोळी मोडली की हद्दी मोडतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची समाजरचना निराळी आहे. आई, तिच्या मुली, नाती अशा माद्या एकमेकींना लागून असलेल्या पट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरांत १९९०च्या दशकात संशोधकांनी असा एक गट जवळजवळ अख्खा काढून टाकला आणि शेजारच्या, गळ्यात रेडिओ-कॉलर लावलेल्या हरणांवर नजर ठेवली. शेजारणी आपली जागा सोडून रिकाम्या पट्ट्यात शिरल्या नाहीत.

लांब जातात ते तरुण नर. साधारण वर्ष-दीड वर्षाचे झाले की ते आईचा पट्टा सोडतात, कुणी बंदूक चालवो वा न चालवो. आणि १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर आई गमावलेले नर आई असलेल्या नरांपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात घर सोडून गेले, म्हणजे मेसेजमध्ये म्हटलंय त्याच्या बरोबर उलट.

पण मला सगळ्यात वजनदार वाटतो तो आपल्या दारातला पुरावा. इलिनॉय आणि विस्कॉन्सिन, लागून लागून असलेली राज्यं. दोघांनीही २००३पासून रोगाच्या जागी सरकारी नेमबाजांकडून हरणं कमी करायला सुरुवात केली. विस्कॉन्सिननं २००७नंतर ते थांबवलं, इलिनॉयनं चालू ठेवलं. इलिनॉयमधल्या संशोधकांनी दोन्हींचे आकडे तपासून २०१४मध्ये प्रसिद्ध केले. २००७पर्यंत दोन राज्यांतल्या रोगाच्या प्रमाणात फरक नव्हता. २००८ ते २०१२ या काळात विस्कॉन्सिनमध्ये ते दरवर्षी सरासरी ०.६३ टक्क्यांनी वाढत गेलं. इलिनॉयमध्ये वाढलं नाही. हरणं मारल्यामुळे रोग चौफेर उधळत असता तर नेमकं उलटं दिसायला हवं होतं. ज्याला हा मेसेज पुढे पाठवायचाय त्यानं आधी या आकड्यांचं उत्तर द्यावं.

रिकामी जागा भरते, यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते मानायला हवं. अॅडिरॉन्डॅकमध्ये हरणं विरळ होती. वेस्ट व्हर्जिनियात, जिथे ती दाट आहेत, तिथे असाच गट काढून जागा रिकामी ठेवायचा उपाय करून पाहिला तेव्हा तो तितका लागू पडला नाही. गोळीबार झालेल्या जागी हरणं काही दिवस बुजतात, दिवसा उघड्यावर येत नाहीत, हेही खरं. पण बुजणं वेगळं आणि मुलूख सोडून पळणं वेगळं. जागा हळूहळू भरते याचा अर्थ एवढाच की काम दरवर्षी करावं लागतं, म्हणूनच जिथे रोगी हरीण सापडतं त्याच्या आसपासच्या मैल-दोन मैलांत इलिनॉयचे लोक हिवाळ्यात पुन्हा पुन्हा जातात.

दुप्पट पिल्लांचं: चारा भरपूर असलेल्या इलिनॉयमध्ये प्रौढ माद्यांना एरवीही बहुधा जुळीच होतात. दुप्पट कुठून होणार? आणि मारलेल्या मादीला पिल्लं होत नाहीत.

अपघातांचं तर वेळापत्रकच जुळत नाही. इथे हरणांचे सर्वाधिक अपघात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात, कारण तो माजाचा काळ, नर माद्यांमागे रस्ते ओलांडत धावतात. नेमबाजांचं काम चालतं जानेवारी ते मार्च. आयोवा सिटी, न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन आणि ओहायोतलं सोलन या तीन गावांत नेमबाजांकडून हरणं कमी केल्यावर हरीण-गाडी अपघात ४९ ते ७८ टक्क्यांनी घटले. प्रिन्स्टनच्या आसपास आपली किती माणसं राहतात! त्यांनाच विचारा.

राहिलं मांस. ते फेकून देत नाहीत. हरणाची सीडब्ल्यूडीसाठी तपासणी होते आणि रोग न आढळलेल्या, खाण्याजोग्या हरणांचं मांस गरजूंना धान्य-अन्न वाटणाऱ्या केंद्रांकडे जातं.