डेल्टा संगीत आणि बंद केलेली गोळी

‘स्मृतिभ्रंश हा आजारच नव्हे, झोपेतील डेल्टा लहरी मंदावल्याचा तो परिणाम आहे, गोळ्या झोप बिघडवतात, त्या सोडा, उशाशी रात्रभर डेल्टा संगीत लावा, २१ दिवसांत स्मरणशक्ती परत येईल’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो वाचून माझ्या मावशीने काकांची डोनेपेझिलची, म्हणजे स्मृतिभ्रंशावरची, गोळी परस्पर बंद केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी गोळीचे पाहू. ती झोप बिघडवते हे अगदीच खोटे नाही. रात्री घेतल्यास काहींची झोप उडते, काहींना विचित्र स्वप्ने पडतात. पण अशा वेळी डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेता येते. मध्यम ते तीव्र अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) असलेल्या २९५ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गोळी थांबवलेल्यांची आकलनशक्ती आणि रोजचे व्यवहार, दोन्ही ती चालू ठेवलेल्यांपेक्षा वर्षभरात अधिक खालावले. गोळीने आजार बरा होत नाही, हे मान्य. पण जो माणूस अजून आपल्या सदऱ्याची बटणे आपण लावतो, त्याच्या घरी एवढा फरकही लहान नसतो.

आता ते संगीत. गाढ झोपेत मेंदूतील असंख्य पेशी एकदम शांत होतात आणि एकदम सक्रिय होतात; हे सेकंदाला साधारण अर्ध्यापासून चार वेळा घडते आणि त्यालाच डेल्टा लहरी म्हणतात. इतक्या कमी कंप्रतेचा ध्वनी माणसाला ऐकूच येत नाही, तेव्हा मोबाइलमधून ऐकू येते ती निव्वळ बासरी आणि घरघर. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०१७ मध्ये ध्वनीने या लहरी वाढवून दाखवल्या, हे नाइलाजाने सांगितले पाहिजे. मात्र तेथे डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरी मोजणाऱ्या, तारा जोडून प्रत्येक लहरीची वेळ साधून ध्वनी सोडला जात होता, आणि सहभागी होते १३ निरोगी ज्येष्ठ, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हेत.

राहिला लहरींचा आणि आजाराचा संबंध. तो आहे. फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतील दीर्घकालीन आरोग्य अभ्यासात साठीपुढच्या ३४६ जणांची झोप काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली गेली. गाढ झोपेचे प्रमाण दरवर्षी एका टक्क्याने घटल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका २७ टक्क्यांनी अधिक आढळला. परंतु अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड हे प्रथिनही याच लहरी क्षीण करते असे दिसते, त्यामुळे एकट्या झोपेवर खापर फोडता येत नाही. ज्यांना झोपेची खरोखर काळजी आहे त्यांनी घोरताना श्वास अडकतो का, हे आधी तपासून घ्यावे. गाढ झोप मोडणाऱ्या त्या विकारावर उपचार आहेत.