हेल्मेटखालचा चेहरा कुणासाठी? कट्ट्यावर झालेला वाद

विषय माझ्यामुळेच निघाला. मी सांगत होतो की नवीन आरपीजी (स्वतःचं पात्र बनवून त्याच्या भूमिकेत खेळायचा व्हिडिओ गेम) घेतला आणि पहिल्या रात्री गेम सुरूच झाला नाही, दोन तास कॅरॅक्टर क्रिएटरमध्येच, म्हणजे पात्राचं रूप ठरवायच्या स्क्रीनवरच गेले, कारण डाव्या भुवईवरचा जखमेचा व्रण मनासारखा बसत नव्हता. मास्तर उसळलाच. (गेम कुठलाही असो, हा आधी नियम वाचतो, म्हणून मास्तर.) "अरे पण तो व्रण तुला दिसणारे का? अर्ध्या तासात हेल्मेट मिळतं, ते घातलं की चेहऱ्याचा विषय संपला, पुढचे शंभर तास तू नुसती पाठ बघत फिरणार. तेवढ्या वेळात स्टॅट्स, ताकद-चपळाईचे आकडे, नीट लाव की."

मुद्दा खोटा नाहीये. सायबरपंक २०७७ घ्या, नखांपासून दातांपर्यंत सगळं निवडता येतं आणि गेम आहे फर्स्ट पर्सन, सगळं पात्राच्याच डोळ्यांतून दिसतं, म्हणजे आपलाच चेहरा बघायला आरसा, इन्व्हेंटरी (सामानाचा स्क्रीन) नाहीतर फोटो मोड.

बारक्या म्हणाला, मग लोकांना आरसा हवा कशाला असतो? त्याच सायबरपंकमध्ये फेब्रुवारी २०२२ च्या १.५ पॅचपासून (म्हणजे अपडेटपासून) घरातल्या आरशासमोर रूप बदलता यायला लागलं. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये आला तेव्हा एकदा बनवलेला चेहरा कायमचा होता, महिन्या-दीड महिन्यात कॅम्पमध्ये जादूचा आरसा आला. अर्धा गेम झाल्यावर माणूस परत येऊन नाक बदलतो म्हणजे ते नाक त्याला खुपत असणारच ना!

बारक्याचं यात स्वतःचं दुखणं पण आहे. एका गेममध्ये त्याने सावळी बाई बनवली, क्रिएटरच्या उजेडात छान दिसत होती आणि पहिल्याच कटसीनमध्ये, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या सिनेमासारख्या दृश्यात, चेहरा राखाडी, राख फासल्यासारखा. रंग बदलून बदलून चार वेळा सुरुवात केली, शेवटी गेमच सोडला. "मला गोरी करून खेळायचं नव्हतं," एवढंच बोलला, आणि यावर मास्तरकडेही उत्तर नव्हतं.

पण मास्तर हटणारा नाही. त्याने थेट टेबलावरचा खेळ काढला. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ चा, त्यात करिश्मा नावाच्या एकाच आकड्यात दिसणं, स्वभाव सगळं एकत्रच होतं. १९८५ मध्ये दिसण्याचा वेगळा आकडा आणला, कमलीनेस नावाचा, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य नियमांत तो नाहीच. "गरज असती तर टिकला असता. रूपाला वजन द्यायचं तर ड्रॅगन्स डॉग्मा या व्हिडिओ गेमसारखं द्या, अंगाने जड असलास तर जास्त सामान उचलशील, बुटका असलास तर अरुंद फटीतून जाशील. नाहीतर नुसती रंगरंगोटी."

मला ड्रॅगन्स डॉग्माचं ते आवडतंच, पण त्यात एक गोची आहे, रूपावर आकडे लटकवले की लोक रूप निवडत नाहीत, आकडे निवडतात. उंच हिरो हवा म्हणून कोण उंच करतो, लांब पोचतो म्हणून करतात.

मग डॉक्टर बोलली, आणि मला वाटतं खरा मुद्दा तिचाच होता. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी प्रयोग केला, व्हर्च्युअल जगात लोकांना कुणाला देखणा, कुणाला कमी देखणा चेहरा दिला, आधी आरशात दाखवला, मग दुसऱ्या माणसाशी बोलायला पाठवलं. देखणा चेहरा मिळालेले लोक जास्त जवळ जाऊन उभे राहिले, स्वतःबद्दल जास्त बोलले. आणि गंमत म्हणजे समोरच्याला तो चेहरा दिसतच नव्हता! म्हणजे फरक पडला तो ज्याने आरशात बघितलं त्याच्यात.

"मग हेल्मेट घातलं काय, न घातलं काय," डॉक्टर म्हणाली.

मी म्हणालो, माझं अगदी हेच झालं. एरवी मी दिसला पहारेकरी की काढ तलवार असाच खेळतो. यावेळी बाई बनवली होती पन्नाशीची, केस पांढरे, डोळे थकलेले आणि तो व्रण. पहिल्या वेशीवर पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा तलवारीचा पर्याय समोर होता आणि माझं बोट जाईना. ही बाई अशा फालतू भांडणात पडणार नाही असं वाटलं, मी गपचूप मागे फिरलो, लांबच्या रस्त्याने गेलो. हेल्मेट डोक्यावरच होतं, चेहरा दिसत नव्हता, पण मला माहीत होता.

मास्तर थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "दाखव बघू."

फोनवर स्क्रीनशॉट दिला. त्याने झूम केला, भुवईवर बोट ठेवून बघत राहिला.

"डावीकडे आहे. म्हणजे वार करणारा उजव्या हाताचा आणि समोरून आलेला. पळताना झालेली जखम नाहीये ही."

"नाहीच."

"कोण होता तो?"

मी सरकून त्याला जागा केली आणि सांगायला लागलो.