पाडव्याला कुत्र्याचंही साल ठरवा

पाडवा आला की सालगड्याचं साल ठरतं. रोख किती, ज्वारी किती पोती, कपड्याचा जोड, उचल कधी, सगळं चार माणसांत बोलून होतं. त्याच आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) आणखी एक गडी बारा महिने जागल करतो, त्याचं मात्र काहीच ठरत नाही. उरली तर भाकरी, दिसलं तर पाणी. माझं म्हणणं सरळ आहे: आखाड्यावरच्या कुत्र्याचंही साल ठरवा. खाणं, पाणी, लस, जंताचं औषध, सावली, एवढं पाडव्यालाच नक्की करून वहीत लिहून ठेवा.

त्याचं काम काय ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. हरभरा घाट्यावर आला की हरणं आणि रोही (नीलगाय), भुईमुगाला रानडुकरं, तुरीला वानरं. रब्बीत थ्रीफेज लाईट रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दार मोडायला निघतो आणि कुत्रं त्याच्या चार पावलं पुढे चालतं. त्याच्या भुंकण्यात फरक असतो, तो घरातल्या प्रत्येकाने ओळखायला शिकावं. अनोळखी माणूस आला तर ते भुंकत पुढे धावतं. डुकरं आली तर भुंकत लांब जातं, परत येतं, पुन्हा जातं. आणि एकाच जागेकडे तोंड करून, पुढे-मागे होत, न थांबता भुंकत असेल तर तिथे साप आहे असं समजून बॅटरी लावल्याशिवाय पाऊल टाकू नका.

कुत्र्याच्या नजरेने आखाडा बघितला की त्याच्या पुष्कळ सवयींचा उलगडा होतो. दूधवाल्याचंच घ्या. तो रोज सकाळी येतो, कुत्रं रोज जीव तोडून भुंकतं, आणि दूधवाला रोज कॅन भरून निघून जातो. आपल्याला माहीत आहे की त्याचं काम झालं म्हणून तो गेला. कुत्र्याच्या हिशेबात मात्र त्यानेच त्याला पळवून लावलेलं असतं! रोजची फत्ते असते ती. म्हणून वर्ष-वर्ष येणाऱ्या माणसावरही त्याचं भुंकणं कमी होत नाही, उलट वाढतं, आणि एक दिवस गाडीमागे धावून ते पोटरी धरतं. याला मारझोड हा उपाय नाही. दूधवाल्याच्याच हातून आठ-दहा दिवस भाकरीचा तुकडा द्यायला लावा. गाडी आली की खायला मिळतं हे डोक्यात बसलं की शेपूट हलायला लागते. लाईनमन, ट्रॅक्टरवाला, नेहमीच्या मजूर बाया, सगळ्यांची ओळख अशीच करून द्यावी.

आता खाण्याचं. 18-20 किलोच्या कामाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1000 ते 1200 कॅलरी लागतात. म्हणजे 80 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या तीन भाकरी आणि वर एक वाटी घट्ट वरण, एक उकडलेलं अंडं, थोडं ताक. नुसत्या भाकरीवर पोट भरतं पण प्रथिनं कमी पडतात. मग बरगड्या दिसतात, केस राठ होतात, जखम लवकर भरत नाही. भाकरी कुस्करून वरणात किंवा ताकात पाच मिनिटं भिजू द्या आणि दोन वेळा विभागून द्या. कांदा-लसूण घातलेलं कालवण देऊ नका. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो की शिजलेला. शिजलेली कोंबडीची हाडंही नकोत, ती सुईसारखी फुटून आतड्यात रुततात.

पाणी साध्या दिवसांत लिटरभर, उन्हाळ्यात दुपटीच्या वर. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं. पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं दुपारी अक्षरशः भाजून निघतं. कडुलिंबाच्या सावलीत सिमेंटची जड कुंडी ठेवा, म्हणजे कलंडत नाही. धाप थांबत नसेल, लाळ दाट झाली असेल, झोकांड्या जात असतील तर पोटावर, मांड्यांत आणि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. बर्फाचं पाणी ओतू नका. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कापून त्याचं पाण्याचं भांडं कधीही करू नका. कितीही धुतला तरी नाही. फवारणीच्या दिवशी कुत्रं वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब बांधावं, कारण औषध कालवलेली बादली ते चाटतंच.

बांधण्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. 2 हाताच्या साखळीला दिवसरात्र जखडलेलं कुत्रं राखण करत नाही, ते फक्त चिडकं होतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाच धरलेला आहे. सोपा उपाय असा: दोन झाडांच्या मध्ये डोक्याच्या उंचीवर 8-10 मीटर जीआय (जस्त चढवलेली) तार ताणा, तारेत कडी घाला आणि कडीला साखळी अडकवा. दोन्ही टोकांना झाडापासून चार हात अलीकडे तारेला गाठ किंवा क्लॅम्प बसवा, नाहीतर कुत्रं बुंध्याला फेऱ्या मारून साखळी गुंडाळून घेतं. दिवसा तारेवर, रात्री मोकळं.

कोणतं कुत्रं पाळावं, तर गावरान. नाहीतर लातूर भागातलं कारवान, तेही आपल्याच हवेचं. दाट केसांची परदेशी जात आणून मे महिन्यात तिचे हाल करू नयेत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे आपल्या जातींचा बांधा डोळ्यांनी बघून घ्यावा. आणि मादी म्हणून पिल्लू बाजारात सोडून देऊ नका. मादी राखणीला कुठेच कमी नसते. नसबंदी केली की वर्षातून दोनदा होणारी पिल्लांची चिंताही मिटते.

लसीत उधारी चालत नाही. पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं झालं की पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची एकत्र लस आणि 3-4 आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस. 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस आणि मग दर वर्षी. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. मेडिकलमधून खिशात घालून भर उन्हात मोटारसायकलवर आणलेली लस टोचली काय न टोचली काय, सारखंच. थर्मासात बर्फ टाकून आणा. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ही लस फुकट मिळते. आधी चौकशी करून ठेवा.

माणसाला कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून 15. हळद, चुना, चटणी काहीही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सुया 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतात, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सिरमही पहिल्याच दिवशी मागून घ्या. तिसऱ्या सुईनंतर बरं वाटतं म्हणून चौथी टाळणारे गावोगाव आहेत. असं करू नका हो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही.

जंताच्या औषधाची तारीख लक्षात राहत नाही ही सगळ्यांची अडचण. त्याला सण लावून घ्या: पाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि येळवस (मार्गशीर्षातली वेळा अमावास्या). चारही सण साधारण तीन-तीन महिन्यांनी येतात आणि मोठ्या कुत्र्याला औषधही दर तीन महिन्यांनीच लागतं. बऱ्याच गोळ्या 10 किलोला 1 अशा असतात, तरी पाकीट वाचा. वजनासाठी आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा आणि वजाबाकी करा. बकरं कापल्यावर आतडी-काळीज कच्चं टाकण्याची पद्धत बंद करा. त्यातून कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून माळव्यावर (भाजीपाल्यावर), हातावर येतात आणि माणसाच्या काळजात (यकृतात), फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

गोचिडांसाठी कोठ्यातलं गुरांचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू किंवा टोचू नका. मात्रा चुकली की ते थरथरायला लागतं. गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालतो, म्हणून कुत्र्यासोबत कोठ्याच्या फटींचाही बंदोबस्त हवा.

सगळ्यात जास्त जीव लावून लिहायचंय ते शेततळ्याबद्दल. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात कुत्रं पाणी प्यायला उतरतं. शेवाळलेल्या कागदावर नखं रुतत नाहीत, पाय घसरतो आणि ते आत जातं. पोहता त्याला येतं, बाहेर निघता येत नाही. काठाकाठाने फिरत प्रत्येक बाजूला पंजे मारत राहतं, कागदावर पांढरे ओरखडे उमटतात, आणि शेवटी ते दमून बुडतं. चोहोबाजूंनी कुंपण असेल तर उत्तमच, पण कुत्रं खालून उकरून आत जातं.

म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंना काथ्याची जाड जाळी किंवा जुने टायर एकमेकांना बांधून सोडा. रुंदी तीन-चार फूट. वरचं टोक बांधावर, अस्तराच्या बाहेर, दोन लोखंडी खुंट्यांना पक्कं बांधा. खालच्या टोकाला वजन म्हणून वाळू भरलेली पोती बांधा. दगड नको, कागद फाटतो. टायरमधली तार बाहेर आली असेल तर तो टायर वापरू नका. नुसता दोर सोडून भागत नाही, दोर माणसाला धरता येतो, कुत्र्याला पंजा रोवायला जागा लागते. आणि जाळी पार तळापर्यंत गेली पाहिजे. पावसाळ्यात तळं भरलेलं असताना आखूड जाळीही पाण्याला टेकते, पण फेब्रुवारीत पाणी खाली जातं आणि जाळी अधांतरी लोंबते. होळीच्या आधी एकदा बांधावर उभं राहून तिचं खालचं टोक बघून घ्या.