लेन्सला झुकतं माप द्या, पण पडदा तपासूनच

जुना रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचा फिल्म कॅमेरा) घेताना ‘आधी भारी बॉडी घ्या, लेन्स नंतर बघू’ हा एका लेखातला सल्ला कमी बजेटवाल्याला महागात पडेल. ३९ मिमी स्क्रूची (आट्यांवर फिरवून बसवायची) चांगली लेन्स आज फेड-२ किंवा झॉर्की-४ या सोव्हिएत बॉडींवर चालते, उद्या अ‍ॅडाप्टर लावून लायकाच्या एम-माउंट बॉडीवरही. उलट मात्र जमत नाही, एम-माउंटची लेन्स स्क्रूच्या बॉडीवर बसत नाही. ज्युपिटर-८ (५० मिमी, एफ/२) सुरुवातीला पुरेशी.

बॉडीत दोनच गोष्टी कसून तपासा. अर्धा किलोमीटर लांबची पाण्याची टाकी अनंतावर आणि टेपने मोजलेलं १ मीटर, दोन्हीकडे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या पाहिजेत. मग लेन्स काढून, अंधारात मागून टॉर्च मारा; शटरच्या पडद्यात ठिपके चमकले तर ती बॉडी सोडा. रेंजफाइंडरला लेन्स आणि पडद्याच्या मध्ये आरसा नसतो, त्यामुळे उन्हाकडे रोखलेली लेन्स भिंगासारखी कापडी पडदा जाळते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर टोपण हवंच, आणि चालताना अ‍ॅपर्चर लहान करून एफ/१६ वर. कॅनन पी या रेंजफाइंडरचा पडदा धातूचा, तो जळत नाही. पण बोट लागलं की सुरकुततो.

झॉर्की-४ घेतलात तर आधी फिल्म पुढे सरकवून शटर चढवा, मगच स्पीड बदला. उलटं केलं की यंत्रणा बिघडते.