निकालाचं शेवटचं पान

"मॅडम, रिसर्चसाठी कुठलं ॲप घेऊ?" दर एक-दोन आठवड्यांनी लॉचा कुणीतरी विद्यार्थी मेसेंजरवर हा प्रश्न टाकतो. मी सांगते, ब्लॉग लिहायला लाग. त्यानंतर बहुतेकदा पलीकडे शांतता. साहजिक आहे. त्याला हवी होती गोळी आणि मी सांगितला व्यायाम. आज सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवली की झालं.

वकिली सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा मी पहिला ब्लॉग लिहिला. करारभंगाच्या नुकसानभरपाईवरचा एक निकाल होता. हेडनोट (निकालाच्या वर छापलेला थोडक्यातला सारांश) वाचली, मधला एक खणखणीत परिच्छेद उचलला आणि वर 'न्यायालयाने स्पष्ट केले आहे की' असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी वकिलाची दोन ओळींची कमेंट आली. तो परिच्छेद न्यायालयाचा नव्हताच. हरलेल्या बाजूच्या वकिलांचा युक्तिवाद होता आणि न्यायालयाने तो पुढे पाच परिच्छेदांनंतर फेटाळला होता. कान गरम झाले माझे. निकालपत्रात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवलेलं असतं आणि न्यायालयाचं मत त्यानंतर सुरू होतं, हे परीक्षेत विचारलं असतं तर मला पैकीच्या पैकी मार्क होते. पण कॉपी करताना 'यांचे म्हणणे असे की' ही वरची ओळ सुटली, आणि हेडनोटच्या पलीकडे मी गेलेच नव्हते.

हीच चूक कोर्टात झाली असती तर समोरच्या वकिलाने ती सगळ्यांदेखत दाखवली असती आणि भुर्दंड माझ्या अशिलाला बसला असता. ब्लॉगवर फक्त माझी लाज गेली. म्हणून म्हणते, लिहा. चारचौघांत लिहायचं म्हटलं की माणूस शेवटच्या पानापर्यंत वाचतो. स्वतःच्या वहीत टिपणं काढताना तो धाक नसतो.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं समजू नका. २८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावर निकाल दिला. विमा घेण्याची सक्ती संसदेच्या व्यापारविषयक अधिकाराखाली टिकत नाही, असं त्यात सुरुवातीला आहे. सीएनएन आणि फॉक्स न्यूज यांनी तेवढं वाचून 'सक्ती रद्द' अशी बातमी चालवली. पुढे त्याच निकालात तीच सक्ती कर म्हणून वैध ठरवली होती! टॉम गोल्डस्टाइन आणि एमी हाऊ या वकील दांपत्याने २००२ मध्ये सुरू केलेल्या स्कोटसब्लॉगने, म्हणजे याच न्यायालयावर लिहिणाऱ्या ब्लॉगने, मात्र थोडा वेळ घेतला आणि बरोबर सांगितलं. वृत्तवाहिन्यांकडे साधनांची काय कमी होती? चार पानं पुढे जाण्याचा धीर तेवढा नव्हता.

साधनांची रड आता खरं तर उरलेली नाही. १९९२ मध्ये कॉर्नेल लॉ स्कूलमध्ये पीटर मार्टिन आणि टॉम ब्रूस यांनी लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट काढली आणि कायदे इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले. वकील मंडळी विंडोजवर काम करणारी आणि त्या वेळी विंडोजसाठी वेब ब्राउझरच नव्हता. मग ब्रूस यांनी १९९३ मध्ये सेलो नावाचा ब्राउझर स्वतःच लिहिला. (वकिलांना कायदा वाचायला मिळावा म्हणून ब्राउझर लिहिणारा माणूस मला भारीच आवडतो.) १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑस्टएलआयआय ही तशीच फुकट साइट आली, २००८ मध्ये सुशांत सिन्हा या सॉफ्टवेअर इंजिनिअरने भारतातले निकाल शोधून देणारं इंडियन कानून सुरू केलं. ग्रंथालयात खंडांवर खंड उतरवून जे सापडायचं ते आता एका खिडकीत सापडतं. पण सापडणं म्हणजे वाचणं नव्हे, आणि घोडं तिथेच अडतं.

एआयने तर आता न सापडणारेही निकाल हातात द्यायला सुरुवात केलीय. २०२३ मधलं न्यूयॉर्कचं माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. विमानात सर्व्हिंग ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून प्रवाशाने केलेला साधा दावा. त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले सहा निकाल कोर्टापुढे मांडले. सहाही बनावट. लोकांना एवढंच आठवतं, पण मला पुढचा भाग जास्त खटकतो. शंका आल्यावर वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं, हा निकाल खरा आहे ना? त्याने छातीठोकपणे हो म्हटलं. साक्षीदाराची विश्वासार्हता त्याच साक्षीदाराला विचारून कोण ठरवतं? न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड केला, आणि ज्या खऱ्या न्यायाधीशांची नावं त्या खोट्या निकालांवर होती त्यांना पत्रं पाठवून कळवायलाही सांगितलं. मी एआय वापरते. लांबलचक पत्रव्यवहारातून तारखांचा क्रम लावायला, माझं वाक्य फार बोजड झालंय का हे बघायला. पण जो निकाल मी स्वतः उघडून बघितलेला नाही, तो माझ्या मसुद्यात येत नाही.

उघडून बघितलेलंही जपून ठेवायला लागतं. २०११ मध्ये व्हिडिओ गेमच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलिटो यांनी आपल्या मतात एका वेबपानाचा दाखला दिला. काही काळाने ते पान गेलं, ते डोमेन भलत्याच कुणीतरी विकत घेतलं आणि तिथे टोमणा मारून ठेवला की बरं झालं, तुम्ही या पानाचा दाखला दिला नाहीत! हसू येतं, पण हार्वर्डच्या अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या जवळपास निम्म्या लिंक मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. त्यातूनच पर्मा डॉट सीसी ही पानं जतन करणारी सेवा उभी राहिली. तुम्हाला वेबॅक मशीन हे वेबपानांचं फुकट संग्रहालयही पुरेल. लिंक देण्याआधी पान तिथे जतन करा आणि बघितल्याची तारीख लिहा. संदर्भ ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. निकालाचा दाखला देताना परिच्छेद क्रमांक द्या, आणि तो निकाल नंतर कुणी कुणी उद्धृत केलाय ती यादी चाळा. मोठ्या खंडपीठाने तो केव्हाच उलटवलेला असू शकतो.

काय लिहू नये याबद्दल मी फार कडक आहे. चालू प्रकरण नाही, अशिलाची ओळख पटेल असा तपशील नाही, 'आज एक गमतीदार क्लायंट आला' तर मुळीच नाही. नाव झाकलं की झालं, असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांचा माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट याच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या पीडीएफमध्ये गोपनीय ओळींवर काळे पट्टे होते. पत्रकारांनी तो भाग कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला, तर खालचा मजकूर जसाच्या तसा वाचता आला. पट्टा मारल्याने मजकूर जात नाही, तो फाइलमधूनच काढावा लागतो. हे कॉलेजात कुणीच शिकवत नाही.

आणि ते 'कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे' छापाचे फोटो, प्रमाणपत्रं, वेबिनारचे बॅनर? टाका, माझी हरकत नाही. फक्त त्याला लेखन म्हणू नका.

सुरुवात कशी करायची, तर एक निकाल घ्या. चारशे शब्द. प्रश्न काय होता, कोर्टाने काय ठरवलं, कुठल्या परिच्छेदात ठरवलं, आणि तुम्हाला काय पटलं नाही. महिन्यातून एक झाला तरी पुष्कळ. चूक सापडली तर पोस्ट उडवू नका, खाली तारखेसह दुरुस्ती लिहा. माझी ती पहिली पोस्ट अजून तशीच आहे, दुरुस्तीसकट.

आणि हो, कमेंट बंद ठेवू नका. तो दोन ओळींचा वकील मला तिथेच भेटला होता.