दहापैकी किती?

आज सकाळी बांगडे साफ करत होते, दोन्ही हात माखलेले, आणि फोन वाजला. धाकट्याने उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. "मॅडम, हमारे टेक्निशियन की सर्व्हिस को दस में से कितने नंबर देंगी?"

कसली सर्व्हिस? मी म्हटलं, बाई गं, तुमचा माणूस सात मिनिटं घरात होता, एक स्क्रू काढला नाही, ५९० रुपये घेतले आणि टीव्ही गेला म्हणून सांगून निघून गेला. ह्याचे दहापैकी किती होतात ते तूच सांग. तर म्हणते, "मॅडम, दस नहीं दिया तो उनका इन्सेंटिव्ह कट जाएगा." घ्या! टीव्ही माझा मेला, वर त्या पोराच्या पगाराचं पापही माझ्याच माथी.

तेव्हापासून डोकं फिरलंय. आता जेवणं आटोपली, घर आडवं झालंय, म्हणून बसलेय. लांबणार आहे, कंटाळा येणाऱ्यांनी आत्ताच पुढे सरकावं.

टीव्ही ६५ इंची. २०२२ च्या नोव्हेंबरात, कतारचा वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आठवड्यात आणला. ६८ हजार. मला ४३ इंची पुरला असता, पण आमच्या घरात फुटबॉलपुढे माझं कधी चाललंय? १८ डिसेंबरच्या फायनलला शेजारपाजारचे धरून सतरा माणसं हॉलमध्ये होती. तीन-तीन बरोबरी, मग पेनल्टी, मग अर्जेंटिना जिंकल्यावर जो काय धुमाकूळ झाला त्यात माझी एक कुंडी फुटली. टीव्हीचे पैसे त्या एका रात्रीत वसूल झाले असं ह्यांचं मत आहे. असू दे.

वॉरंटी एक वर्षाची, वर पैसे भरून आणखी दोन. म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात संपली. आणि एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, मालिका बघत बसलेल्या असताना स्क्रीन काळी झाली. आवाज चालू. मांय दहा मिनिटं तशाच बसून होत्या. त्यांना वाटलं मालिकेतल्या वाड्यातच लाइट गेली.

कंपनीत तक्रार केली. चार दिवसांनी तो पोरगा आला. लावला, काळा पडदा बघितला, आवाज ऐकला, मोबाइलवर फोटो काढला. "पॅनेल गेलंय मॅडम." किंमत? ४६ हजार, वर टॅक्स, वर मजुरी. मी म्हटलं, बाबा रे, उघडून तरी बघ. तर म्हणाला उघडायची गरज नाही. "त्यापेक्षा नवीनच घ्या, आता जीएसटीपण उतरलाय." ते खोटं नाही, ३२ इंचांवरच्या टीव्हींचा कर २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. हे ऐकताना आमच्या ह्यांचे डोळे असे चमकले ना! २०२६ च्या ११ जूनला पुढचा वर्ल्ड कप सुरू. इथे गोव्यात, म्हापशाच्या दुकानात एक्स्चेंजमध्ये आमच्या मेलेल्या टीव्हीचे अडीच हजार मिळणार होते. अडीच हजार! साडेतीन वर्षांच्या वस्तूचे!

मी हटून बसले. माझ्या भावाला फोन केला, माहेरी, साखळीला.

आता ही माझी माहेरची गोष्ट. आमच्याकडे लाकडी शटरचा टीव्ही होता, शटरला छोटं कुलूप, किल्ली बाबांच्या जानव्याला. तो बिघडला की बाजारातले एक काका यायचे. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, आणि मग आईला सांगायचे, "वहिनी, आरसो हाडात." आरसा आणा म्हणून. आईचा कुंकवाचा आरसा समोरच्या खुर्चीवर टेकून ठेवायचे, स्वतः टीव्हीच्या मागे शिरायचे आणि आरशात चित्र बघत बघत मागचे स्क्रू फिरवायचे. आम्ही पोरं आरशातला उलटा टीव्ही बघायला जमायचो. पुढून बघणाऱ्याला मागचं दिसत नाही आणि मागे बसणाऱ्याला पुढचं, म्हणून आरसा. इतकी साधी युक्ती, पण मला ती जादू वाटायची.

ते काका आहेत अजून. दुकानही आहे, तेच. सत्तरी ओलांडली असेल. भाऊ म्हणाला, "घेऊन ये, पण आडवा आणू नको, उभाच आण." शेजारच्याची पिकअप काढली, दोन गाद्यांच्या मध्ये टीव्ही उभा केला आणि डिचोली ते साखळी मी मागे बसून धरून नेला. हो, मी. वय सत्तेचाळीस. रस्त्यावर दोन ओळखीच्या बायकांनी हात केला, त्यांना मागाहून काय सांगायचं ते मी अजून ठरवते आहे.

काकांनी टीव्ही भिंतीला टेकवला, केबल लावली. आवाज आला, पडदा काळा. मग दुकानातली ट्यूब बंद केली, खणातून टॉर्च काढली आणि पडद्याला अगदी चिकटवून तिरकी धरली. त्या टॉर्चच्या गोल उजेडात, काळ्याच्या आत, बातम्या देणाऱ्याचा टाय. हलत होता. टॉर्च वर नेली तर तोंड, बोलत होतं. मी बघतच राहिले.

"चित्र आसा गो बाय. उजवाड तेवढो ना."

चित्र आहे. फक्त उजेड गेलाय. ४६ हजारांचं पॅनेल ठणठणीत होतं, आणि ते कळायला एक टॉर्च पुरली. त्या पोराच्या मोबाइललाही टॉर्च होतीच की! ज्या हाताने फोटो काढला त्याच हाताने टॉर्च लावली असती तर?

आता माझ्यासारख्या अडाण्यांसाठी सांगते. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो त्याच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. काच फक्त चित्र करते, मागून उजेड द्यायला बारीक एलईडींच्या पट्ट्या असतात. आमच्यात दहा पट्ट्या, प्रत्येकीवर नऊ दिवे. ते दिवे एकापुढे एक जोडलेले, अगदी आपल्या चवथीच्या माळेसारखे. मखराची माळ एक बल्ब गेला की कशी अख्खी विझते? तेच. वर टीव्हीचं सर्किट काहीतरी बिघडलंय म्हणून सगळाच उजेड बंद करतं. नव्वदातला एक दिवा गेला आणि मला म्हणे नवीन टीव्ही घ्या!

माळेतला एक बल्ब गेला म्हणून तुमच्यापैकी कोणी मखर फेकून देतं का?

काका बघा काय म्हणाले. कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत ह्या पट्ट्या बहुतेक वेळा वेगळ्या नसतातच. यादीत एकच नाव, 'पॅनेल', त्यात काच, उजेड, सगळं एकत्र. म्हणजे पोराला आतला दिवा दिसला असता तरी त्याच्या फॉर्मवर तो लिहायला जागा नव्हती. हे वाचून तुम्हाला राग येत नसेल तर तुमचं माझं जमायचं नाही. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलसुद्धा निघालं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. छान. मी बघितलं. मला हवी होती पट्टी, तिथे मिळाला कस्टमर केअरचा नंबर, आणि तो तर माझ्याकडे आधीपासूनच होता. त्याच नंबरवरून तो पोरगा आला होता ना!

वहिनी म्हणाली, १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला फोन कर. केला नाही. खोटं कशाला सांगू, तेवढ्यात पट्ट्या आल्या आणि माझा जीव त्यात अडकला.

चहा करून आले. जरा निवळलेय.

पट्ट्या कुरियरने आठ दिवसांनी आल्या. पॅनेल काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. काका एकटे नाही काढू शकत. ६५ इंची काच जवळजवळ दीड मीटर रुंद आणि पापडासारखी पातळ, एक कोपरा वाकला की कडकन जाते. तिच्या कडेला बोटभर फिल्मच्या फिती असतात, त्यातली एक फाटली तरी काच कायमची बाद. मदतीला पोरगा नाही. त्यांचा मुलगा बोटीवर आहे, क्रूझवर. म्हणून दुपारी काकी आल्या. मागच्याच घरातून. हात धुतले, पदराला पुसले, मग एकेक करून बांगड्या काढून खिळे ठेवायच्या डब्यात टाकल्या. काकांनी काचेवर रबरी कप चिकटवले. दोन कप त्यांच्या हातात, दोन काकींच्या. "धर," एवढंच म्हणाले. हळदीच्या पानावरून पातोळी सोडवावी तशी त्या दोघांनी ती काच उचलली. काकींनी श्वास रोखलेला मला दिसला. बिछान्यावर चादर अंथरून ठेवली होती, तिच्यावर नेऊन निजवली. मग पांढरे पडदे एकेक, त्याच क्रमाने बाजूला, कारण मध्ये धुळीचा कण राहिला तर तो चित्रात कायम दिसतो. आणि सगळ्यात खाली त्या पट्ट्या. प्रत्येक दिव्यावर बटणासारखं भिंग. चौथ्या पट्टीवरच्या एका भिंगाखाली काळा डाग, मोहरीएवढा.

मी म्हटलं, एवढा एकच बदला. काका हसले. म्हणाले, बाकीचे ८९ पण तितकेच दमलेत, एक बदलला तर महिन्याभरात दुसरा जाईल आणि परत काच उचलायला मला काकी पुरायच्या नाहीत. सगळ्या पट्ट्या बदलल्या, वर उजेडाचा करंट थोडा उतरवला. पट्ट्या, मजुरी धरून ५,८०० रुपये. टीव्ही लागला तेव्हा काकी आधी बांगड्या घालत होत्या, चित्र नंतर बघितलं.

मग मला बोलणी बसली. टीव्हीची सेटिंग बघून काका म्हणाले, बॅकलाइट शंभरावर कोणी ठेवलाय? दुकानात झगमगाट दिसावा म्हणून लावलेला भडक मोड आम्ही साडेतीन वर्षं तसाच चालवला होता. दिवे त्यानेच लवकर जळतात. पन्नास-साठावर आणा, घरात तेवढा पुरतो. दुसरं, पडदा ओल्या फडक्याने पुसायचा नाही. पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं, तिथेच त्या फिती असतात, मग उभ्या रेघा. (मांय रोज सकाळी देव्हाऱ्याबरोबर टीव्हीही पुसायच्या. मी काही बोलले नाही.) तिसरं, पावसाची झड येते त्या भिंतीला टीव्ही ठोकायचा नाही, भिंत पाझरते आणि ओल मागून खाते. आणि गडगडायला लागलं की नुसता स्विच नको, प्लग काढायचा आणि केबलपण, कारण वीज केबलमधूनही येते. हे चार शब्द ६८ हजार घेताना दुकानदाराला सांगता आले नाहीत. ईएमआय मात्र तीन प्रकारचे सांगितले.

हो, ठाऊक आहे, कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. काचेला तडा गेला तर ती दुरुस्त होत नाही, तिथे काकाही हात जोडतात. आणि बाहेरचा माणूस काच फोडेल ही भीतीही अगदीच खोटी नाही, माझ्याच नणंदेची कोणीतरी फोडली. मान्य. पण फुटणं वेगळं आणि न बघताच मेला म्हणणं वेगळं. माणसाला डॉक्टर नाडी न बघता गेला म्हणेल का?

त्या पोराचा राग मात्र आता लिहिता लिहिता कमी झालाय. त्याचं वय माझ्या थोरल्याएवढं. दिवसाला किती घरं त्याच्या माथी मारलेली असतील, काय माहीत. पाणी दिलं तर उभ्यानेच प्याला. उघडायला त्याला शिकवलंच नसेल कोणी. आरसा, टॉर्च ह्यातलं काही त्याला मिळालं नाही, मिळालं ते ॲप. सकाळी मी त्या मुलीला काय नंबर दिला ते सांगते, दहा दिले. पाप नको. पण कंपनीला किती देऊ, असं विचारलं तर म्हणाली तो प्रश्न यादीत नाही.

आमचे हे अजून म्हापशाच्या जाहिराती बघतात. बघू देत. ११ जूनला ह्याच टीव्हीवर बघायचं, ठरलंय.

आता मुख्य काम. निघताना काकांनी विचारलं होतं, तुझ्या ओळखीत कोणी पोरगा आहे का शिकणारा? आयटीआयचा असला तर उत्तम, नसला तरी चालेल, पोरगी असली तरी चालेल, हात स्थिर पाहिजे. पगार फार देता येणार नाही, शिकवीन सगळं. येत्या वर्षी दुकान मोबाइल कव्हरवाल्याला द्यायची बोलणी चालू आहेत, अजून होय म्हटलेलं नाही. काकींचा उजवा खांदा दुखतो, काचेची दुसरी बाजू धरायला कोणीतरी हवंय. साखळी, डिचोली, वाळपईकडचं कोणी असेल तर मला मेसेज करा, नंबर देते. चारनंतर गेलात तर काका भेटतात, दुपारी झोपतात.