मी मामांशी खोटं बोलते का? एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोन दिवसांत चार वेळा वाचली. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, स्मृतिभ्रंश होऊन सहा वर्षं झाली. सोलापुरात गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, त्यांचा जन्म गेला. त्यांना सांभाळता सांभाळता आमचं नातं कसं टिकलं, ते मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं, की वडीलधाऱ्या माणसाला रोज खोटं सांगायचं, आठवड्यातून दोन दुपारी त्याला पगारी बाईच्या हवाली करून बाहेर पडायचं, आणि वर याला नातं जपणं म्हणायचं, हे पटत नाही. 'मी आईचं नऊ वर्षं केलं. शेवटी ती मला तिचा भाऊ समजून दादा म्हणायची. पण मी तिला कधी फसवलं नाही.'

आधी तुमचं बरोबर आहे ते. मामांच्या अंघोळीबद्दलचा परिच्छेद मी काढून टाकला. त्यांना कळत असतं तर त्यांनी तो मला चारचौघांत लिहू दिला नसता. एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता खोट्याबद्दल. पहिलं दीड वर्ष मी खरंच बोलत होते. दुपारचे तीन वाजले की मामा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "भोंगा झाला की गं. डबा दे, दुसरी पाळी हाय." मी सांगायचे, "मामा, गिरणी कधीच बंद पडली." ते उंबऱ्यावर मटकन बसायचे. "बंद पडली? मग पोरांचं कसं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन, पुन्हा टॉवेल, पुन्हा तोच चेहरा. आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचंही तसंच. "ही कुठं गेली?" म्हणून विचारायचे आणि खरं सांगितलं की ती बातमी त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळायची. एका आठवड्यात त्यांना तीनदा बायको गेल्याचं रडू आलं, तिन्ही वेळा माझ्यामुळे.

अल्झायमर्समध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नव्या गोष्टी साठवणारा मेंदूचा भाग लवकर खराब होतो. बातमी टिकत नाही, तिनं झालेलं दुःख मात्र मागं राहतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते बहुतेकांना थोड्या वेळानं नीट सांगता येईना, पण मनाची अवस्था तशीच राहिली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या संध्याकाळचा उलगडा झाला. तीनला मी खरं बोलायचे आणि सातला ते ताट ढकलायचे, कशामुळे ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आता मी गिरणी चालू आहे म्हणत नाही आणि बंद आहे असंही म्हणत नाही. "मामा, तुमच्याकडे साचे किती होते?" असं विचारते. डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी देते. मग जुन्या चादरीची दशांची कड त्यांच्या मांडीवर पसरते. माझं नाव त्यांना आठवत नाही. पण तुटका धागा दिसला की अंगठा आणि बोट आपोआप जवळ येतात, गाठ बसते, नखानं टोक तुटतं. मग गाठीवरून बोट फिरवतात. बोटाला लागली तर सोडवून पुन्हा मारतात. "गाठ फुगली की कापडात दिसती, ध्यानात ठेव," असं मला बजावतात. तेव्हा मी त्यांची सून नसते, खात्यात नव्यानं आलेली बदली कामगार असते. मला ते चालतं.

आणि बाईबद्दल. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या उन्हात मामा सलग दोन दिवस मला शिव्या देत होते. मी चोर, मी घर बुडवलं. रात्रभर जागी होते. सकाळी त्यांना बाथरूमकडे नेताना मी दंड धरून खसकन ओढलं. बोटांचे वळ उठले. रात्री ते वळ बघून त्यांनी मलाच विचारलं, "कुणी मारलं गं मला?"

नंतर तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. (घरी असा पेशंट असेल आणि एक-दोन दिवसांत वागणं एकदम बिघडलं, तर स्वभाव म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.) पण संसर्ग नसता तरी वळ माझेच होते. त्याच आठवड्यात मी बाई शोधली. त्याआधी एका रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून मी नुसती रडले होते.

बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या आहेत, घरी तेलुगू बोलतात. मामांच्या खात्यातले निम्मे सोबती पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाचे. पन्नास वर्षं ऐकलेली ती भाषा मामांना अजून येते आणि आम्हा घरच्यांना येत नाही. त्यांना परकं कसं म्हणू? त्या दोन दुपारी मी बहिणीकडे जाते, झोपते, कधी सिद्धेश्वर तलावाच्या काठी नुसती बसते. परत येते तेव्हा मामांचा तोच प्रश्न सातव्यांदा ऐकायची माझ्यात ताकद असते.

आईंचं नऊ वर्षं केलंत, त्याचा मला मनापासून आदर आहे. म्हणूनच विचारते, तेव्हा घरात माणसं किती होती? रात्री कोण उठायचं? काकूंच्या वाट्याला काय आलं? आमच्याकडे मी आणि माझे मिस्टर, दोघंच. नणंदबाई दूर असतात. फोनवर मामा दहा मिनिटं छान बोलतात, म्हणून त्यांना हे सगळं खरंच वाटायचं नाही. दिवाळीला आठ दिवस राहिल्या तेव्हा पटलं. आता दर महिन्याला चार दिवस येतात.

एक शेवटचं विचारू का, काका? आई तुम्हाला "दादा" म्हणून हाक मारायच्या, तेव्हा तुम्ही "ओ" दिलीत ना?